मदत हवी आहे: वनलाइन उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचीय

परळची_बाई:
३३ वर्षं मराठी शिकवलं, मे मध्ये रिटायर झाले, आता पटकथा लिहितेय. अंधेरीला एका ऑफिसात ऐकवून आले, आवडली त्यांना, म्हणाले वनलाइन पाठवा. मी एक ओळ पाठवली तर फोन आला की बाई हे काय, उद्या संध्याकाळपर्यंत नीट करून द्या. एका ओळीत अजून काय नीट करू? पटकन सांगा कोणीतरी.

कट_टू:
सिनेमा की मालिका? किती पानं झालीत?

परळची_बाई:
सिनेमा. १८० पानं.

कट_टू:
बापरे. पानाला साधारण एक मिनिट धरतात, तीन तास झाले की.

परळची_बाई:
हाताने लिहिलीत, फुलस्केपवर.

कट_टू:
मग हे आधी सांगायचं ना बाई, तो हिशोब टाइप केलेल्या पानाचा, कुरियर फाँटमधल्या १२ पॉइंटचा. आणि वनलाइन म्हणजे एक ओळ नव्हे, ती लॉगलाइन. वनलाइन म्हणजे सगळ्या सीनची यादी, सीन कुठे, दिवस की रात्र, कोण आहे, काय घडतं, एकेका सीनला एकदोन ओळी.

सुलभा_दादर:
सरसकट सांगू नका हो, माझ्याकडे एकाने वनलाइन म्हणून पानभर गोष्ट मागितली होती. फोन करून विचारा बाई. आणि रजिस्टर केलीत का? अंधेरीलाच स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, मेंबर होऊन ऑनलाइन करता येतं. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो, लिहिलेल्याला असतो.

कट_टू:
उद्या द्यायचंय त्यांना, आत्ता कुठे रजिस्ट्रेशनच्या मागे लावताय.

सुलभा_दादर:
माझी गोष्ट गेली तेव्हा मीपण हेच म्हणत होते.

मुलुंड_पूर्व:
बाई पेन्शन सुरू झाली का? आमच्या मिसेसची सर्व्हिस बुकातल्या एका नोंदीपायी आठ महिने अडकली होती. बघून घ्या.

गिरणगावकर:
गोष्ट काय आहे ते कोणी विचारतच नाही. एखादा सीन सांगा ना.

परळची_बाई:
बंद पडणाऱ्या शाळेचा शिपाई. शेवटच्या दिवशी फळा पुसायला येतो, कोपऱ्यात पट ११ हजर ९ लिहिलेलं असतं. तेवढं सोडून सगळा फळा पुसतो. मग हेडमास्तर त्याला मराठी शाळा का बंद होतायत ते समजावतात, दीड पान आहे.

गिरणगावकर:
बाई ते दीड पान काढा. पहिल्याच सीनला त्याच कोपऱ्यात पट ६२ हजर ६० दाखवा, बस. मी तिथलाच, ८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, मग चाळ पाडून टॉवर आला, आमच्या वर्गातली अर्धी पोरं विरार डोंबिवलीला गेली. वाचतानाच घसा दाटला माझा, समजावायला कशाला कोण पाहिजे.

मुलुंड_पूर्व:
मी म्हणतो आधी कादंबरी करा, सिनेमावाले आपोआप येतील.

कट_टू:
उगाच वाट चुकवू नका त्यांची.

परळची_बाई:
फोन केला, सीनची यादीच हवीय. २७ सीन झाले लिहून. पट ६२ पहिल्या सीनला घातलं. पण ते दीड पान काढवत नाहीये, आमचे हेडमास्तर खरंच तसं बोलले होते, मी तिथेच उभी होते.

कट_टू:
राहू दे सध्या. वनलाइनमध्ये डायलॉग लागतच नाहीत, हेडमास्तर शिपायाशी बोलतात एवढंच लिहा आणि पुढे चला.

परळची_बाई:
बरं. सुलभाताई, मेंबरशिपला कागद काय काय लागतात?