मदत हवी आहे: बाबांचं एट्रियल फिब्रिलेशन आणि इंदूरचं खाणं

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे, राजवाड्याजवळच राहतो म्हणजे सराफा (रात्रीचा खाऊबाजार) पायी पाच मिनिटांवर, आता कळलंच असेल प्रॉब्लेम काय आहे ते. बाबा ६६ वर्षांचे, दोन महिन्यांपूर्वी छातीत धडधड म्हणून ईसीजी काढला तर एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडणं) निघालं. वॉरफरिन (रक्त पातळ करायची गोळी) चालू आहे, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवायचा म्हणालेत.

आता आईने कुठूनतरी ऐकलं की पालेभाजीतल्या व्हिटॅमिन के मुळे गोळीचा असर कमी होतो, तर पालक मेथी एकदम बंद! डॉक्टर म्हणतात बंद नका करू, दर आठवड्याला साधारण सारखीच खा, कधी खूप कधी अजिबात नाही असं केलं की आयएनआर वरखाली होतो. पण आईला कोण समजावणार.

शिवाय बाबांचं वजन ९२, बीपी आहे, आणि घोरणं असं की शेजारच्या काकू विचारतात. स्लीप अ‍ॅप्नियाने (झोपेत श्वास मधेमधे थांबतो त्याने) पण एएफ वाढतं म्हणे, म्हणून झोपेची टेस्ट लिहून दिलीय. २०१५ च्या अ‍ॅडलेडच्या एका अभ्यासात वजन १० टक्के उतरवून टिकवलेल्यांना एएफचा त्रास बराच कमी झालेला दिसला, ते वाचून मी जरा उत्साहात आहे, बाबा नाहीत. पोह्यांवर मूठभर शेव हवीच, मीठ गेलं खड्ड्यात.

कोणाच्या घरी असं आहे का? शेव कशी सोडवलीत? झोपेची टेस्ट घरी होते का, रात्रभर ॲडमिट व्हावं लागतं? आणि लग्नात 'एकच पेग' म्हणणाऱ्या मामांना काय सांगता?