रात्रीचे ओलित आणि वीस रुपयांची बाटली

शिक्षिका, दारव्हा : आमच्या पानठेल्यावर वीस रुपयांत मिळणारे 'एनर्जी' पेय सातवी-आठवीची मुले मधल्या सुटीत पिऊन येतात. शाळेपासून ५०० मीटरच्या आत अशी पेये विकू न देण्याची घोषणा तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत केली होती. हा ठेला आमच्या फाटकापासून चाळीस पावलांवर आहे. या पेयातील कॅफीन मेंदूला थकवा कळवणाऱ्या अॅडिनोसिनची जागा अडवते, म्हणून थकवा जात नाही, केवळ जाणवेनासा होतो. उन्हात ते शरीर कोरडेही पाडते. त्याची विक्री सरसकट बंद व्हावी.

कास्तकार, आर्वी : शाळेचा मुद्दा मान्य, सरसकट बंदीचा नाही. आमच्याकडे कृषिपंपाची वीज अनेकदा रात्रीच येते, आणि हरभऱ्याचे ओलित करताना डोळा लागला, तर पाणी धुरा फोडून दुसऱ्याच्या वावरात जाते. नियमानुसार अशा पेयात लिटरला ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफीन चालत नाही, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत फार तर ७५ मिलिग्रॅम. मगभर कॉफीतही जवळपास तेवढे असते. मग कॉफी पिणारा तेवढा सभ्य कसा? शरीर कोरडे पडण्याचेही अतिरंजित आहे, कारण लघवी थोडी वाढली तरी पेयातून आलेले पाणी त्याहून अधिक असते.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ, दर्यापूर : मी बाईंच्या बाजूचा असलो, तरी पाण्याबाबत कास्तकारांचे बरोबर आहे. मात्र कॉफीची तुलना मुलांना लागू पडत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत, तर मुलांसाठी वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चिंतेचे नसल्याचे म्हटले. तीस किलोच्या पोराचे ९० मिलिग्रॅम दुसऱ्या बाटलीतच ओलांडले जातात. या पेयांतील टॉरिन या घटकाचा गाजावाजा मला हास्यास्पद वाटतो : १८२७ मध्ये ते बैलाच्या पित्तातून प्रथम वेगळे केले गेले म्हणून नावात बैल (लॅटिनमध्ये 'टॉरस') आला, एरवी आपले शरीर ते स्वतःच बनवते. खरा प्रश्न साखरेचा आहे. काही पेयांत ती १०० मिलिलिटरला ११ ग्रॅम, म्हणजे लिटरला ११० ग्रॅम असते; सरकारी दवाखान्यातील ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि सोबत २.६ ग्रॅम मीठ असते. ४५ अंशांत घामावाटे मीठ गमावणाऱ्या मजुराला ही बाटली ओआरएसच्या जागी देणे मला घातक वाटते.

कास्तकार, आर्वी : मजुरांना मी मीठ-लिंबाचे पाणीच देतो. परंतु ओलिताला साखर नको, जाग हवी असते.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ, दर्यापूर : मग वेळ पाहा. निम्मे कॅफीन शरीराबाहेर पडायला सुमारे पाच तास लागतात. आपण बाटली किती वाजता घेता?

कास्तकार, आर्वी : मध्यरात्रीनंतर, एक वाजता. पहाटे पाचला मोटर बंद करून आडवा होतो आणि सातपर्यंत छताकडे पाहत असतो, हे खरे. वीज दिवसा द्या, बाटली मी उद्याच सोडतो; तोवर ती घरातल्या पोरांच्या हाती लागणार नाही, एवढे मी पाहीन.

शिक्षिका, दारव्हा : 'सरसकट' हा शब्द मी मागे घेते, चाळीस पावलांवरचा ठेला मात्र माझ्या तक्रारीत कायम आहे.