माणशी वर्षाला ११० किलो साखर? हा आकडा लावायचा तरी कसा?

कराडची आहारतज्ज्ञ

नमस्कार. मी कराडला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. महिन्यातून दोनदा आसपासच्या गावांत मधुमेह असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी बैठक घेते. येत्या सोमवारची मसूरला आहे. तिथे लावायचा तक्ता आमच्यातल्या एकीने केला आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, "महाराष्ट्रातला माणूस वर्षाला ११० किलो साखर खातो." कुठून आणलंस म्हणून विचारलं तर तिने गणित दाखवलं. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात सुमारे १३७ लाख टन साखर झाली, लोकसंख्या साडेबारा कोटी धरली, भागाकार केला.

भागाकार चुकलेला नाही. पण याचा अर्थ तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत प्रत्येकाच्या पोटात रोज ३०० ग्रॅम साखर. आमच्या घरी पाच माणसं, महिन्याला चार किलो साखर आणि किलोभर गूळ लागतो. म्हणजे माणशी रोज २६ ग्रॅम साखर आणि सहा-सात ग्रॅम गूळ. आमचं घर काही फार जपून खाणारं नाही, सासूबाईंना चहा गोडच लागतो.

तक्ता मी थांबवलाय, पण त्या जागी काय लिहायचं ते मला सापडत नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या अन्न ताळेबंदात 'साखर आणि गोडीचे पदार्थ' असा गट आहे, त्यात भारत दिसतो, महाराष्ट्र दिसत नाही. राज्याचा किंवा निदान सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्याचा असा आकडा कुठे निघतो का? आणि त्यात गूळ धरतात का? आमच्या बैठकीत निम्मी माणसं "साखर सोडली, आता गुळाचा चहा घेतो" असं सांगतात, म्हणून गुळाचं विचारते.

गोडाऊन नंबर ४

ताई, तक्ता थांबवलात ते फार चांगलं केलंत. मी एका सहकारी कारखान्यात ३१ वर्षं गोडाऊनला होतो, शेवटची नऊ वर्षं गोडाऊन कीपर. १३७ लाख टन ही राज्यात *झालेली* साखर. ती इथे राहत नाही. आमच्या फाटकातून निघालेल्या गाड्या गुजरातला जात, राजस्थानला जात, रेल्वेचा रेक लागला की माल पूर्वेकडच्या राज्यांत. त्याच २०२१-२२ मध्ये देशातून सुमारे ११० लाख टन साखर परदेशी गेली, आणि बंदर जवळ असल्याने त्यातला मोठा वाटा आपल्या राज्याचा. कोकणात जेवढा हापूस पिकतो तेवढा कोकणातला माणूस खातो असं कुणी म्हणत नाही, तसंच हे.

आता 'खप' म्हणून जो आकडा छापून येतो त्याचं सांगतो, कारण तो आमच्या रजिस्टरातून निघतो. हंगाम १ ऑक्टोबरला सुरू, ३० सप्टेंबरला बंद. सुरुवातीचा शिल्लक साठा अधिक उत्पादन, वजा निर्यात, वजा अखेरचा साठा. उरलं ते देशातला खप. पण ही खरी *उचल* आहे. व्यापाऱ्याची डिलिव्हरी ऑर्डर आली, पोती मोजून गाडीत चढली, गाडी काट्यावरून फाटकाबाहेर गेली की कागदावर ती साखर संपली. पुढे ती व्यापाऱ्याच्या वखारीत चार महिने पडून राहो, बिस्किटात जावो, औषधाच्या सिरपमध्ये जावो, आमच्या कागदाला त्याचा पत्ता नसतो. त्यात कुठल्या कारखान्याने महिन्याला किती साखर विकायची हा कोटा केंद्र सरकार ठरवतं. २०१३ साली ही पद्धत गेली होती, २०१८ मध्ये परत आली. म्हणून एखाद्या महिन्यात उचल वाढली म्हणजे लोकांनी जास्त गोड खाल्लं असं समजू नका, दिवाळीच्या आधी कोटाच वाढवून देतात.

दोन खड्डे सांगून ठेवतो, मी नव्या पोरांना हेच सांगायचो. पहिला खड्डा पोत्यांचा. पूर्वी पोतं १०० किलोचं होतं, आता ५० चं आहे, तरी बोलण्यात अजून 'लाख पोती' म्हणजे लाख क्विंटल. आणि लाख क्विंटल म्हणजे दहा हजार टन. बातमीतला क्विंटलचा आकडा टनात वाचला की दहापट फरक पडतो. दुसरा इथेनॉलचा. २०२१-२२ ला देशात ३९४ लाख टन साखर झाली असंही वाचाल आणि ३५९ लाख टन झाली असंही वाचाल. दोन्ही बरोबर. मधली ३५ लाख टन इथेनॉलकडे वळली, ती पोत्यात कधी आलीच नाही. खाण्याच्या हिशेबाला ३५९ घ्या.

भिजलेल्या साखरेचंही असंच. पावसाळ्यात थप्पीच्या तळाची पोती पाघळली की ती पुढच्या हंगामात परत पाकात जातात. ती वेगळी नोंदवली नाहीत तर तीच साखर दोनदा झालेली दिसते. त्या रजिस्टरवर मी दर शनिवारी स्वतः सही करायचो.

ताळेबंद

मी पुण्यात सांख्यिकी शिकवतो. काकांनी उचलीचं जे सांगितलं तेच जागतिक संघटनेच्या ताळेबंदाचंही मर्म आहे. उत्पादन, आयात आणि साठ्यातला फरक यांची बेरीज, त्यातून निर्यात, बियाणं, जनावरांचा चारा, नासाडी, इतर वापर वजा. जे उरतं त्याला ते 'अन्न पुरवठा' म्हणतात, 'खाल्लेलं अन्न' म्हणत नाहीत. हा शब्द तक्त्यावर तसाच ठेवा.

भारतापुरतं ढोबळ गणित करून बघा. देशातला खप सुमारे २७५ लाख टन आणि लोकसंख्या १४० कोटी धरली तर माणशी वर्षाला साडेएकोणीस किलोच्या आसपास, दिवसाला ५४ ग्रॅम, साधारण २०० कॅलरी. पण त्यांच्या तक्त्यात हीच साखर जास्त दिसेल, कारण ते ती 'कच्च्या साखरेच्या' वजनात मांडतात. पांढऱ्या साखरेला १.०८७ ने गुणतात. म्हणजे २७५ चे २९९ होतात. काही जण एका वर्षाचा आकडा इथून घेतात, दुसऱ्या वर्षाचा तिथून, आणि साखर आठ-नऊ टक्क्यांनी वाढली असं लिहून मोकळे होतात. मला याचा खरोखर त्रास होतो, कारण ती वाढ कुठल्याच ताटात नसते.

राज्याचा असा ताळेबंद निघत नाही. देशाला सीमाशुल्काची नोंद असते, बंदरात आलं-गेलं सगळं कळतं. कोल्हापूरहून बेळगावला किंवा कागलहून निपाणीला किती साखर गेली याची अशी नोंद कोण ठेवणार? उत्पादन माहीत आहे, पण जावक माहीत नाही, आणि जावक माहीत नसली की वजाबाकी होत नाही.

तुम्हाला उपयोगाचं आहे ते राष्ट्रीय नमुना पाहणीचं घरगुती उपभोग खर्चाचं सर्वेक्षण. २०११-१२ नंतर बऱ्याच खंडाने २०२२-२३ आणि २०२३-२४ चे निकाल आले, त्यात राज्यवार, ग्रामीण-शहरी वेगळं मिळतं. ते थेट घरात विचारतात, साखर किती, गूळ किती. पण टपरीवरचा चहा तिथे कपांच्या संख्येत असतो, बिस्किटं वेगळ्या ओळीत, मिठाई वेगळ्या. त्या कपातली साखर 'साखर' या ओळीत येत नाही. म्हणून सर्वेक्षणातली साखर नेहमी ताळेबंदापेक्षा बरीच कमी निघते. तुमच्या घरचे २६ ग्रॅम आणि देशाचे ५४ ग्रॅम यांच्यात जी फट दिसते, ती बहुतेक घराबाहेरची साखर आहे.

शाहूपुरीकर

गुळाचं मी बोलतो. आमचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ होतं, वडील गेल्यावर बंद केलं. आता कोल्हापुरात शाहूपुरीत अडतीच्या दुकानात हिशेबाला असतो.

कारखान्याच्या साखरेचं प्रत्येक पोतं लिहिलेलं असतंय. गुळाचं तसं नाही. गुऱ्हाळावर दिवसाला किती आधणं, म्हंजे कढईभर रसाच्या खेपा, उतरली हे गुळव्याला ठाऊक आणि मालकाला. बाजार समितीत सौद्याला आले तेवढे रवे, म्हंजे गुळाच्या ढेपा, लिहिले जातात. वाटेतच व्यापाऱ्यानं उचलले, पाव्हण्यांना गेले, घरात ठेवले, ते कुठंच नाहीत. मग देशाचा गुळाचा आकडा काढतात कसा? उसावरनं. एकूण ऊस, त्यातनं कारखान्यांनी गाळलेला वजा, बेणं, चारा आणि खाण्याचा ऊस म्हणून साधारण १२ टक्के वजा, उरलेला सगळा गुळाला आणि खांडसरीला (छोट्या कारखान्यांत जुन्या पद्धतीनं केलेली साखर) गेला असं धरायचं.

वरच्या काकांच्याच वर्षाचं बघा. २०२१-२२ ला देशात ऊस ५,००० लाख टनांच्या वर, कारखान्यांनी गाळला ३,५७४ लाख टन. समजा उसाचा अंदाज पाच टक्क्यांनी चुकला. म्हंजे २५० लाख टन. कारखान्याचा आकडा काट्यावरचा, तो हलत नाही. सगळी चूक गुळाच्या अंगावर येते. शंभर किलो उसाला दहा किलो गूळ धरला तर २५ लाख टन गूळ नुसत्या अंदाजात आला नाहीतर गेला. माणशी पावणेदोन किलोच्या वर.

आणखी एक गोष्ट, आणि ही बोलताना मला बरं वाटत नाही. साखरमिश्रित गूळ. गूळ पिवळाधमक आणि घट्ट दिसावा, वजन भरावं म्हणून काहिलीत, म्हंजे रस आटवायच्या कढईत, साखर सोडतात. सगळे नाहीत, पण करणारे आहेत. ती साखर कारखान्याच्या फाटकातनं निघाली तेव्हा एकदा मोजली. गूळ होऊन सौद्याला आली तेव्हा परत मोजली. वडील असला गूळ करायचे नाहीत. भेंडीचा चीक घालून मळी काढायची, रंग येईल तो येईल. आमच्या रव्याला दर कमी मिळायचा, कारण गुजरातच्या गिऱ्हाइकाला फिका गूळ लागायचा. ताई, तुमच्या माणसांना सांगा, चहासाठी घेतलेला पिवळा गूळ कदाचित निम्मी साखरच असंल.

बाकी, मे २०२५ मध्ये नवा साखर नियंत्रण आदेश आला, त्यात दिवसाला ५०० टनांपेक्षा जास्त गाळपाच्या खांडसऱ्या पहिल्यांदाच धरल्यात. तेवढी बाजू तरी कागदावर येईल. गुऱ्हाळं त्याच्या खालीच राहतात. काळा गूळ जनावराला, व्यायलेल्या म्हशीला, दारूच्या भट्टीला जातो, तोही माणसाच्या खाण्यात धरू नका.

कराडची आहारतज्ज्ञ

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. काल रात्री आमच्या मैत्रिणीला हे सगळं वाचून दाखवलं. तिला वाईट वाटलं, कारण तिने खूप मेहनतीने तो तक्ता रंगवला होता. मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं.

११० काढला. त्या जागी "भारतात माणशी रोज सुमारे ५४ ग्रॅम साखरेचा पुरवठा होतो" एवढंच, आणि खाली छोट्या अक्षरांत 'पुरवठा' म्हणजे काय ते. शेजारी जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची मर्यादा: वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. २,००० कॅलरी खाणाऱ्याला म्हणजे ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम. त्यात गूळ, काकवी, मध सगळं येतं, हे मी तोंडाने सांगेन, कारण गुळाच्या चहावाल्यांना ते ऐकायलाच हवं. गुळाच्याही १०० ग्रॅमला ३८० च्या पुढे कॅलरी आहेत, साखरेच्या बरोबरीने.

एक शंका राहिली. मसूरच्या बैठकीत येणाऱ्यांनाच महिन्याची किराणा चिठ्ठी आणायला सांगावी असं मनात आहे. घरात माणसं किती, साखर किती, गूळ किती, आणि बाहेर दिवसाला किती चहा. आकडेवारी म्हणून छापायला नाही, ज्याचं त्याला कळावं म्हणून. यात काही चुकेल का?

ताळेबंद

चुकणार नाही. फक्त चिठ्ठीतली साखर ही विकत आणलेली असते, महिनाअखेर डब्यात किती उरली तेही विचारा. आणि पाहुणे, गडी, जनावरं यांच्यासाठी वेगळी गेली असेल तर तीही.

गोडाऊन नंबर ४

गणपतीचा आणि दिवाळीचा महिना टाळा. आणि रेशनची साखर विसरू नका, अंत्योदयच्या कार्डावर महिन्याला किलोभर मिळते, ती किराणा चिठ्ठीत नसते.

शाहूपुरीकर

गूळ वेगळ्या ओळीत लिहायला सांगा, ताई. एक ढेप आणली तर ती तीन-चार महिने पुरते, महिन्याच्या चिठ्ठीत ती दिसायचीच नाही. ढेप कधी फोडली ते विचारा.