मदत हवी आहे: फ्लाइट सिम लाइव्ह स्ट्रीम करायला दुसरा पीसी खरंच लागतो का?

मंडळी, मला मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ आणि मधूनमधून एक्स-प्लेन १२ यूट्यूबवर लाइव्ह दाखवायचंय, एकाच पीसीवरून, आणि जिथे विचारावं तिथे "दुसरा पीसी घे, कॅप्चर कार्ड लाव" एवढंच ऐकायला मिळतंय, म्हणून शेवटी इथे धागा काढतोय.

माझ्याकडे आत्ता रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, आरटीएक्स २०६० (६ जीबी वालं), गेम एसएसडीवर, दोन मॉनिटर, दोन्ही १०८०पी. जॉयस्टिक, थ्रॉटल, रडर पेडल, वेबकॅम, माइक सगळं यूएसबीवर लोंबतंय.

ओबीएस (स्ट्रीम पाठवायचं सॉफ्टवेअर) बंद असलं की मीडियम सेटिंगला ३५-४० एफपीएस (सेकंदाला फ्रेम) मिळतात आणि मला तेवढे पुरतात, विमानच उडवायचंय, गोळ्या नाही झाडायच्या. स्ट्रीम चालू केलं तरी माझ्या स्क्रीनवर फारसा फरक नाही, पण बघणाऱ्यांना मोठ्या विमानतळावर उतरताना धक्के बसतात, म्हणजे ऐन फ्लेअरला (टेकायच्या जरा आधी नाक उचलतात तेव्हा) चित्र थिजतं आणि नंतर दिसतं ते थेट रनवेवर धावणारं विमान. मग लँडिंग दाखवायचं तरी कशाला! वर क्रूझला मात्र काही त्रास नाही.

ओबीएसमध्ये १०८०पी ६०, बिटरेट ६००० केबीपीएस, एन्कोडर एन्व्हेंक (एनव्हिडिया कार्डातलाच व्हिडिओ एन्कोडर). नेट वायरने घेतलंय, अपलोड २० एमबीपीएस येतं. प्रोसेसर बदलू, कार्ड बदलू की रॅम वाढवू? आणि व्हॅटसिमवर (जिथे खरी माणसं कंट्रोलर असतात ते ऑनलाइन नेटवर्क) उडताना एटीसीचा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाचा, आवाज स्ट्रीममध्ये वेगळा कमीजास्त करता येतो का?

टेलविंड: काही विकत घ्यायच्या आधी ओबीएसमध्ये स्टॅट्सची खिडकी उघडा आणि ती समोर ठेवून एक लँडिंग करा. तिथे तीन आकडे असतात आणि तिन्हींचं दुखणं वेगवेगळं. रेंडरिंग लॅगचा आकडा वाढला तर ग्राफिक्स कार्ड गेममध्येच इतकं गुंतलंय की ओबीएसला फ्रेम जोडायला वेळ मिळत नाही, एन्कोडिंग लॅगचा वाढला तर एन्कोडर मागे पडतोय, आणि नेटवर्कवाला ड्रॉप्ड फ्रेम्सचा वाढला तर अपलोड. तुमचं वर्णन वाचून मला पहिलाच वाटतोय, कारण तुमच्या स्क्रीनवर ठीक आणि प्रेक्षकांना धक्के हे तिथेच जास्त होतं. सोबत गेममध्ये डेव्हलपर मोड चालू करून एफपीएसची पाटी लावा, ती सरळ सांगते की अडकलंय ते मेन थ्रेडवर (म्हणजे प्रोसेसरवर) की जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डवर).

एन्व्हेंकची काळजी नको, २०६० आणि ३० सिरीजच्या कार्डांत त्याची पिढी एकच आहे. ते काम कार्डावरच्या वेगळ्या भागात होतं, गेमच्या वाट्याचं फार खात नाही. खातं ते ओबीएसचं सीन जोडणं.

धागाकर्ता: बघितलं. एन्कोडिंग शून्य, नेटवर्क शून्य, रेंडरिंग लॅग लँडिंगला भराभर चढतो. गेमची पाटी जीपीयू म्हणतेय आणि कार्डाची मेमरी जवळजवळ काठोकाठ. म्हणजे प्रोसेसर घ्यायला निघालो होतो तो राहू दे?

टेलविंड: सध्या राहू दे. आधी फुकटातलं करा. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये गेमला ३० एफपीएसची मर्यादा घाला आणि टेक्सचर, ढग एकेक पायरी खाली आणा, म्हणजे कार्डाला श्वास मिळेल. ओबीएस पण ६० वरून ३० वर आणा, गेम ३५ ने चालत असताना ६० ने पाठवून तीच तीच फ्रेम दोनदा जाते, त्यापेक्षा ३० ठेवलं तर त्याच बिटरेटमध्ये प्रत्येक फ्रेमला जास्त वाटा येतो आणि कॉकपिटमधले बारीक आकडे वाचता येतात. यूट्यूबला ६००० च्या वर पण चालतं, २० अपलोड असेल तर ९००० करून बघा. ओबीएस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, विंडोज मग कार्डावर त्याला आधी जागा देतं. आणि दुसऱ्या मॉनिटरवर स्वतःचंच स्ट्रीम उघडून बसता का? बरेच जण बसतात 😄 तो व्हिडिओ पण तेच कार्ड दाखवतं. ओबीएसचा प्रीव्ह्यू पण बंद करा.

होल्डशॉर्ट: वरच्याला +१. रॅम मात्र वाढवाच, २०२४ साठी १६ जीबी किमान आहे आणि ३२ रेकमेंडेड, वर तुम्ही ओबीएस, ब्राउझर, व्हीपायलट (व्हॅटसिमला जोडणारा प्रोग्राम) सगळं उघडणार.

आवाजाचं सोपं आहे. ओबीएसमध्ये अ‍ॅप्लिकेशन ऑडिओ कॅप्चर नावाचा सोर्स आहे, गेमला एक, व्हीपायलटला एक असा लावा, दोघांचे स्लायडर वेगळे होतात, आणि आख्खा डेस्कटॉप ऑडिओ बंद करून टाका नाहीतर सगळं दोनदा ऐकू येईल. रेडिओचं बटण जॉयस्टिकवर बांधा. चॅटशी गप्पा मारताना ते दाबलं गेलं तर सगळ्या फ्रिक्वेन्सीला तुमचं पुराण ऐकावं लागतं, कंट्रोलर वैतागतात आणि त्यांचं काही चुकत नाही.

यूएसबीचं पण बघा. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, आणि पेडल-थ्रॉटल स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेल्या हबवर घ्या, वेबकॅम थेट मदरबोर्डला. अप्रोचमध्ये थ्रॉटल गायब झालं की काय होतं ते विचारू नका.

धागाकर्ता: ३० ची मर्यादा, टेक्सचर खाली, ओबीएस ३० वर, प्रीव्ह्यू बंद. रेंडरिंग लॅग जवळजवळ गेला, फ्लेअर सलग दिसला, बघणाऱ्यांनीच सांगितलं. लँडिंग जरा आपटलं, तेही आता स्पष्ट दिसतं. पुढे कधी घ्यायचंच झालं तर रॅमनंतर आधी काय?

टेलविंड: कार्ड, किमान १२ जीबी मेमरीचं. ते आल्यावर पाटी मेन थ्रेड म्हणायला लागेल, तेव्हा प्रोसेसर ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी बघा, जास्त कॅशमुळे सिमला त्यांचा चांगला फायदा होतो आणि बायॉस अपडेट करून तुमच्याच बोर्डात बसतात. कार्ड घेताना पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे ते मात्र इथे टाका, मग सांगतो.