आकाशात अनोळखी काही दिसलं तर सैन्याच्या उपयोगी पडेल अशी नोंद कशी लिहायची?

धुरा_चंद्रपूर
पोलीस पाटलांकडे ठेवायला एकपानी नमुना तयार करतोय. जागलीवरच्या माणसाला रात्री आकाशात अनोळखी उजेड दिसला, तर त्याने काय लिहून द्यावं म्हणजे ते वरपर्यंत उपयोगी पडेल? मुळात एखाद्या शेतकऱ्याने पाहिलेल्या गोष्टीची चौकशी वायुसेना करते का? करत असेल तर काय तपासते? आणि वस्तू वावरात पडलीच तर पुढे काय? गाव जंगलाला लागून आहे, नेटवर्क बेताचंच.

रडारछाया
चौकशी होते, पण सैन्याचा प्रश्न आपल्यापेक्षा वेगळा असतो. आपण विचारतो, "ते काय होतं?" ते विचारतात, "त्यापासून धोका आहे का?" धोका नाही असं ठरलं की त्यांच्या लेखी काम संपतं. म्हणून उत्तर गावात परत येईलच असं धरून चालू नका.

नागरिकाने थेट जाऊन नोंद द्यावी असं वेगळं कार्यालय आपल्याकडे नाही. वाट नेहमीचीच: पोलीस पाटील, मग ठाणं किंवा ११२, तिथून जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष. गरज वाटली तर पोलीस अधीक्षक किंवा जिल्हाधिकारी पुढे कळवतात. मग ताळा घेतला जातो: त्या वेळी वरून कुठलं विमान जात होतं, रडारवर काय होतं, ड्रोनची परवानगी कोणी घेतली होती, वेधशाळेचा फुगा कुठे होता. नागपूरहून हवामानाचे फुगे सकाळ-संध्याकाळच्या साडेपाचच्या वेधासाठी सोडतात. हिवाळ्यात खाली अंधार पडत आलेला असतो आणि तीसेक किलोमीटरवरच्या फुग्यावर अजून ऊन असतं, त्यामुळे तो ठिपक्यासारखा चमकतो.

जागेनेही फरक पडतो. पुलगावचा दारूगोळा डेपो किंवा भद्रावतीची आयुध निर्माणी जवळ असेल तर तीच नोंद फार लवकर हलते. १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळाजवळ अनोळखी वस्तू दिसली तेव्हा उड्डाणं थांबवली गेली आणि शोधासाठी राफेल विमानं पाठवली गेली.

एक गैरसमज मात्र काढाच. "रडारवर काही आलं नाही" म्हणजे पाहणारा खोटं बोलला असं नाही. पृथ्वीच्या गोलाईमुळे १२० मीटरवर उडणारा ड्रोन जमिनीवरच्या रडारला सपाट मुलखातही जेमतेम ४५ किलोमीटरपर्यंत दिसू शकतो. त्यापलीकडे तो क्षितिजाखाली जातो.

ध्रुवमत्स्य
नमुन्यात "आकार केवढा?" हा रकाना ठेवू नका. अंधारात अंतर कळत नाही, त्यामुळे "बंडीएवढं होतं" याला काही अर्थ उरत नाही. त्याऐवजी हात लांब करून मोजलेला कोन लिहून घ्या. ताठ हाताची मूठ म्हणजे सुमारे १० अंश, करंगळीची रुंदी १ अंश, पूर्ण चंद्र अर्धा अंश. मूठ बरोबर धरली की नाही हे ध्रुवावरून तपासता येतं: आपल्याकडे तो क्षितिजापासून २० ते २१ अंशांवर, म्हणजे दोन मुठी वर असतो.

अमेरिकी वायुसेनेने १९५२ ते १९६९ या काळात ‘ब्लू बुक’ नावाने अशाच अनोळखी वस्तूंच्या नोंदी तपासल्या. त्यांच्या प्रश्नपत्रिकेत आकाशाची कमान काढून वस्तू पहिल्यांदा कुठे दिसली आणि शेवटी कुठे, अशा दोन खुणा करायच्या असत. १२,६१८ नोंदींपैकी ७०१ ओळखता आल्या नाहीत. ती कमान तुमच्या कागदावर घ्याच. लिहिता न येणाराही बोटाने खूण दाखवू शकतो.

दिशा "तलावाकडे" एवढीच नको. उभं राहायची जागा ठरवून "विहिरीच्या कठड्यावरून पाहता मोहाच्या उजवीकडे दोन बोटं" असं लिहा. दुसऱ्या दिवशी उजेडात होकायंत्र लावून तीच दिशा अंशांत काढता येते. दहा किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावातूनही अशीच नोंद मिळाली तर चौकशीचं निम्मं काम झालं. वस्तू ८० किलोमीटर उंच असेल तर दोन गावांच्या कोनात मुठीहूनही कमी फरक येतो. दहा किलोमीटरवरच्या विमानात तो ४५ अंशांपर्यंत जातो. आणि १२० मीटरवरचा ड्रोन दुसऱ्या गावाला दिसतच नाही.

किती वेळ दिसलं यावरूनही बरंच गळून पडतं. उल्का काही सेकंदांत विझते. रॉकेटचा तुकडा वातावरणात परतताना मिनिटभर किंवा जास्त, तुटत तुटत, संथ सरकतो. अर्धा तास हललंच नाही तर ग्रह आधी तपासा. लडाखमध्ये सैन्याच्या चौक्यांनी महिनोन्महिने नोंदवलेले उजेड शुक्र आणि गुरू निघाले, तेही खगोलशास्त्रज्ञांनी कोन मोजल्यावर. काळ्या आकाशात एकटा तारा टक लावून पाहिला तर तो हलल्यासारखा वाटतो. मचाणाच्या खांबाला डोकं टेकवून, त्याच्या कडेशी तारा जुळवून पाहिला की खरं काय ते कळतं.

पंचनामा
पडलेल्या वस्तूबद्दल लिहितो, कारण तुमच्याच जिल्ह्यात हे घडून गेलंय. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, पावणेआठच्या सुमारास. सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, पवनपारला गोळा सापडला. नंतर इस्रोचं पथक येऊन पाहून गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे ते अवशेष, असं जुळवलं गेलं.

असा गोळा म्हणजे बहुधा दाबाखालच्या वायूची किंवा इंधनाची टाकी. हायड्राझिन हे विषारी इंधन उरलेलं असेल तर श्वासातून आणि कातडीतूनही विषबाधा होते. त्याला अमोनियासारखा वास येतो, पण वास घ्यायला जवळ जाऊ नका. वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहा, गुरं हाकला, लांबून दोरी बांधा. पाणी ओतणं, घण मारणं, भंगारवाल्याला देणं, ट्रॅक्टरने ओढून चावडीवर आणणं, काहीही नको. कुठे आणि कशा अवस्थेत पडलं, खड्डा किती खोल, हेच तपासाला हवं असतं. फोटोत मोजायला कुदळीचा दांडा येऊ द्या. वस्तू फुलं-कुंकू वाहूनही झाकू नये.

१९६८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार सापडलेला तुकडा ज्या देशाचा आहे त्याने मागितला तर परत द्यावा लागतो. १९७२ च्या करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीची जबाबदारीही त्याच देशाची. म्हणून घर, पीक, जनावर यांचं नुकसान तलाठ्याकडून पंचनाम्यात वेगळं लिहून घ्या.

धुरा_चंद्रपूर
कोनाचा आणि कमानीचा रकाना घालतो. मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओचं काय? बहुतेक वेळा तेवढंच हाती असतं.

ध्रुवमत्स्य
झूम करू नका. फोकस चुकला की साध्या ताऱ्याची गोल तबकडी होते, आणि तिच्या कडेची नक्षी लेन्सची असते. चौकटीत झाड किंवा विजेचा खांब राहू द्या, फोन कशाला तरी टेकवा आणि वेळ व जागा तोंडाने बोला. पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फाइल दाबली जाते आणि आतली मूळ माहिती जाते. मूळ फाइल फोनमधून काढू नका.

पंचनामा
दोन साक्षीदार असतील तर आपसात बोलण्याआधी वेगवेगळं लिहून घ्या. पारावर एकदा चर्चा झाली की सगळ्यांच्या जबाबात एकच चित्र येतं. त्या जबाबांचा ताळा घेण्यात मग काही राहत नाही.

रडारछाया
आणि "वेळ कुठल्या घड्याळाची" हा रकाना विसरू नका. सोसायटीचा किंवा पेट्रोल पंपाचा कॅमेरा कितीतरी मिनिटं पुढे-मागे असतो. त्याच्या पडद्याशेजारी मोबाइलची वेळ धरून एक फोटो काढला की फरक कायमचा नोंदला जातो. सरकत्या ताऱ्यासारखं दिसणारं अंतराळ स्थानक सगळं आकाश सहाएक मिनिटांत ओलांडतं, त्यामुळे पाच मिनिटं चुकली तर तेच होतं की नव्हतं हे ठरवता येत नाही.