आमच्या देशातली नदी वाहत नाही, काय करावं?

पूर्णाकाठचा

राजेहो, माइनक्राफ्ट (ठोकळे रचून जग बांधायचा गेम) खेळणारे कोणी असतील तं मदत करा. आम्ही अकरा जणं आहोत, दर्यापूरकडच्या तीन गावांतले. दोन वर्षांपासून मोबाइलवर एक देश बांधून राह्यलो. नाव ठेवलं 'पयानघाट'. उत्तरेकडं डोंगर, तो आमचा गाविलगड. खाली सपाट मुलूख, त्यात सात गावं, एक बाजार, एक मारोतीचं देऊळ. बाजूच्या मुलखात दुसऱ्या पोट्ट्यांचा देश आहे. मधातून नदी जाते, तेच शीव.

भांडण त्या नदीवरूनच आहे. आमचं म्हणणं, आम्ही वरच्या अंगाले, पाणी पह्यले आमचं. ते म्हणतात, वरचं अंग कोणतं ते दाखव. मी नाव सोडून पाह्यली, तं ती जागीच उभी! गेममधली नदी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच पातळीत, वाय 62 (वाय म्हणजे गेममधली उंची). तिले ना उगम, ना उतार. लांबट तळं आहे नुसतं.

दुसरं दुःख असं, की समुद्राचं पाणी वावरात सोडलं तरी गहू येते. आमचं खरं गाव खारपाणपट्ट्यात. बोअर मारली तं मचूळ पाणी, ते जमिनीले दिलं की जमीनच बसते. हे गेममधल्या पोट्ट्याइले कसं समजावू?

तं प्रश्न एवढाच: डोंगरातून निघून गावापर्यंत वाहत येणारी नदी करता येते का?

मास्तर_परतवाडा

येते, पण आधी उंचीचा हिशेब करावा लागेल. भूगोल शिकवतो म्हणून चार आकडे देतो.

गेममध्ये एका ठोकळ्याची बाजू 1 मीटर, आणि बांधकामाची कमाल उंची 320. चिखलदरा सुमारे 1,100 मीटरवर आहे, म्हणजे आहे त्या मापात तो बसतच नाही. उभं माप 1:5 धरा. चिखलदरा 220 वर येईल आणि आपला सपाट मुलूख, जो साधारण 280 मीटरवर आहे, तो 56 वर. आडवं माप मात्र वेगळं ठेवा. चिखलदरा ते दर्यापूर सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर. 1:45 ने ते 1,111 ठोकळे होतात.

आता पाणी. बादलीनं ओतलेलं पाणी सपाटीवर सात ठोकळे जातं आणि थांबतं. पण एक ठोकळा खाली पडलं की पुन्हा नव्यानं सात. म्हणजे दर सात ठोकळ्यांना एक पायरी. 220 वरून 56 वर यायला 164 पायऱ्या, 164 गुणिले 7 म्हणजे 1,148. तुमची नदी गावापर्यंत कशीबशी पोचते, तीही एका बादलीवर. नावही वाहील.

पूर्णाकाठचा

सर, नमस्कार घ्या! आज रात्रीच लागतो कामाले.

पूर्णाकाठचा

सर, फसलो. तीन रात्री खोदलं. डोंगरात पाणी असं धावते की पाहत राहावं. नाव टप टप टप पायऱ्या उतरते. पण पायथ्याशी आलं तोवर बहुतेक पायऱ्या संपल्या. डोंगर उभा आहे नं! सारा उतार त्यानंच खाल्ला. पायथ्यापासून गावापर्यंत 16 पायऱ्या उरल्या, त्याचे 112 ठोकळे. पुढं कोरडं.

मास्तर_परतवाडा

चूक माझी. मी उतार सगळीकडे सारखा धरला. वर्गात मुलांना हेच सांगतो, की सातपुड्याच्या नद्या डोंगर सोडला की एकदम मंदावतात, आणि इथं स्वतःच विसरलो. सपाटीत धावती नदी करू नका. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे घाला, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्यांचे; त्या फळ्यांना बर्गे म्हणतात. दोन बंधाऱ्यांच्या मध्ये पात्र पूर्ण भरून घ्या, साठलेलं पाणी. बंधारा एकेक ठोकळ्यानं उतरता.

लोणारवाला

नदी सोडा, लोणारचं सरोवर करा. 1,800 ठोकळे व्यास. खोली सुमारे 137 मीटर, आणि गेममध्ये समुद्रपातळीपासून जगाच्या तळापर्यंत 126च ठोकळे आहेत, म्हणून काठ आधी उंच उचला. मी चौथा हिस्सा खोदून सोडून दिलं, बोट दुखते.

काळी_कसदार

काहून एवढा कुटाणा करता बाप्पा? आपली नदी मे महिन्यात कुठं वाहते? रेती टाका, गोटे टाका, मधात दोन-तीन डबकी ठेवा. डबक्यापाशी एक म्हैस... म्हैस नाही गेममध्ये, गाय उभी करा. झाली पूर्णा.

काळ्या मातीसाठी चिखलाचा ठोकळा वापरून पाह्यला का? साध्या मातीवर पाण्याची बाटली ओतली की होते. रंग हुबेहूब आपल्या वावराचा. फक्त त्याच्यावर कुदळी चालत नाही, गहू लागत नाही. बाजूले पाणी असलं तं ऊस लागते, म्हणजे तो देश आपला राह्यत नाही!

पूर्णाकाठचा

भाऊ, चिखलाचं भारीच सांगतलं. धुरे आन गोवारीची वाट त्याचीच केली.

नदी दोघांच्याही मतानं केली. डोंगरात धावती, पायथ्याशी सात पायऱ्या म्हणजे 49 ठोकळे धावती, पुढं उरलेल्या नऊ पायऱ्यांवर नऊ बंधारे. सर, तुमचं म्हणणं पटलं म्हणून बर्गे खरे ठेवले: ओकच्या फळ्या, काढता येतील अशा. शेवटच्या बंधाऱ्याखाली मात्र रेती अन गोटे. आबा मागून मोबाइलमध्ये पाहत होते. त्याइले गेमातलं काही कळत नाही, पण रेती पाहून म्हणे, "हे आपल्या घाटाखालचं दिसते."

वरच्या अंगाचं भांडण मिटलं. नाव सोडली की ती त्याइच्याकडं जाते, आता कोण काय बोलणार.

पण काल सकाळी पाह्यलं तं तिसरा, चौथा आन पाचवा बंधारा उघडा, पाणी खाली निघून गेलेलं. एकूण बावीस फळ्या गायब. बाजूच्या देशात कालच एक नवा गोठा उभा राह्यला, ओकचा. मी गेलतो पाहाले. पोट्टे म्हणतात, बाजारातून आणल्या.

दगडाचे बर्गे केले तं चालतील का, सर? पण मग आपल्याले काढताना कुदळ लागल.

मास्तर_परतवाडा

दगडाचे करू नका. खऱ्या बंधाऱ्याचे बर्गे पावसाळ्यात काढून गोदामात ठेवतात. तुम्हीही बंधाऱ्याजवळ एक खोली बांधा, आणि रात्री खेळ बंद करताना फळ्या मोजून आत टाका.

काळी_कसदार

खोलीले ओकचं दार नका लावू.