मदत हवी आहे: दात्याच्या यकृताची धमनी वेगळ्या जागेवरून निघते
नमस्कार मंडळी,

बाबांना यकृताचा उजवा भाग माझा धाकटा भाऊ देणार आहे. रक्तगट जुळला, बाकी तपासण्याही नीट आल्या. काल सीटी अँजिओचा (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनचा) रिपोर्ट हातात पडला आणि त्यातल्या एका ओळीने आईची झोप उडाली: 'रिप्लेस्ड राइट हिपॅटिक आर्टरी'. म्हणजे उजव्या भागाची धमनी नेहमीप्रमाणे सीलिअॅक ट्रंकच्या (पोटातल्या एका मोठ्या धमनीच्या) फांदीतून न येता, आतड्याला रक्त देणाऱ्या सुपीरियर मेसेन्टेरिक धमनीतून येते.

मी रात्रभर वाचत बसले. हा आजार नव्हे, जन्मजात ठेवण आहे. मिशेल्स या शरीररचनातज्ज्ञांनी 1966 मध्ये 200 शवविच्छेदनांवरून यकृताच्या धमन्यांच्या ठेवणीचे 10 प्रकार मांडले होते. भावाचा त्यातला तिसरा. आणि अशी धमनी बरीच लांब मिळते, त्यामुळे जोडायला उलट सोयीची, असंही वाचलं. खरंच तसं असतं का?

माझी खरी काळजी भावाची आहे. यकृताच्या चौथ्या खंडाची (डाव्या भागातल्या एका तुकड्याची) धमनी काहींना यकृताच्या धमनीच्या उजव्या फांदीतून फुटते म्हणे. तो खंड त्याच्याकडेच राहणार, मग त्याचं रक्त तुटणार नाही ना? पित्तनलिकांना तर मुख्यतः धमनीचंच रक्त मिळतं.

सर्जन गुरुवारी भेटणार आहेत. अशी ठेवण असलेल्या कुणी यकृत दिलंय का? गटात रेडिओलॉजी किंवा सर्जरीतलं कुणी असेल तर सांगा, त्यांना नेमकं काय विचारू? रिपोर्टमध्ये चौथ्या खंडाचा उल्लेखच नाही, तो मागून घ्यावा का?